पन्नासपैकी पन्नास

७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तपासून सोबत परत पाठवते आहे. लाल शाईत चौदा चुका आहेत. त्यांतल्या सहा तू तिसरीत असल्यापासूनच्या आहेत, त्यांना आता घरातलीच माणसं समजायला हवं. शेजारीण विचारत होती, भाऊ फोन का करत नाही? तिला सांगितलं, तो सुतारकामाच्या कारखान्यात तीस वर्षं करवतयंत्राशेजारी उभा राहिला. त्याचे कान यंत्रानं खाल्ले आणि उरलेसुरले बायकोनं.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले. उजवी बाजू साफ. सर्जननं टाके असे घातलेत की शिवणाच्या तासाला मी त्याला दहापैकी सात दिले असते. काखेतल्या गाठीही काढून नेल्या. आता रेडिएशन तेवढं उरलंय, त्याचं माप बारा मार्चला. मी ठणठणीत आहे. तू यायची गरज नाही. आजाऱ्याला भेटायला येणारे लोक आजाऱ्याच्याच खुर्चीत बसतात आणि चहा आजाऱ्यालाच करावा लागतो.

दर गुरुवारी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीला लागून, आम्हां कापलेल्या बायकांचा वर्ग भरतो. वर्ग म्हणायचं नाही, 'वर्तुळ' म्हणायचं. बारा प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीचा पाय डुगडुगतो, ती नेमकी माझ्या वाट्याला. भिंतीवर वाऱ्यात वाकलेल्या बांबूचं चित्र, खाली लिहिलंय, 'वाका, मोडू नका.' बांबूच्या अंगावरून कापून न्यावं असं काही नसतं, हे चित्रकाराला कोणी सांगितलं नसावं.

वर्ग घेणारा समुपदेशक पस्तिशीचा आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान तिरकी करतो. मी त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलंय. त्याचं म्हणणं, मन लवचिक हवं. दुःख आलं तर त्याला हाकलू नये, शेजारी खुर्ची द्यावी आणि आपलं काम चालू ठेवावं. मी म्हटलं, शाळेत मी तीस वर्षं हेच केलं, फक्त आम्ही त्याला मुख्याध्यापक म्हणायचो. तो हसला नाही. अशा माणसांना दुःखाशी मैत्री चालते, विनोदाशी नाही.

मग प्रश्नावली वाटली. दहा विधानं, प्रत्येकी पाच गुण. माझ्या शरीरातला बदल मी स्वीकारला आहे. नकोसे विचार आले तरी मी व्यायाम आणि रोजची कामं करते. दुखलं तर मी ते लपवत नाही. अरे, मी जन्मभर पेपर काढले आणि तपासले. प्रश्न वाचला की काढणाऱ्याला काय हवंय ते त्याच्याआधी मला कळतं. सात मिनिटांत सोडवला. पन्नासपैकी पन्नास. मधाच्या बोटाचे डोळे पाणावले. म्हणाला, त्याच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं. कारकीर्द म्हणजे चार वर्षं.

सगळ्यांत कमी चौदा. ती बसमध्ये कंडक्टर आहे. मी तिला तिकीटवाली म्हणते. ती भर वर्तुळात भोकाड पसरते, सर्जनच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, आणि घरच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय हेही सगळ्यांदेखत सांगते. माझ्या वर्गात असती तर बाहेर उभी केली असती.

आता कामाचं. स्वयंपाकघरात कपांसाठी एक फळी हवी, जमिनीपासून एकशेदहा सेंटीमीटरवर बसेल अशी. आणि कोटासाठी खुंटी, एकशेपंधरावर. ठोकायला कोपऱ्यावरचा माणूस आहे, तू करून पाठव.

भावजयीला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि माझ्या पत्राचं प्रेत, दोन्ही एकाच पाकिटातून मिळालं.

पन्नासपैकी पन्नास कळल्यावर तुझी भावजय म्हणाली, ताईंना यमाच्या परीक्षेतही पहिला नंबर हवा. हे तिनं पाटीवर लिहून दाखवलं. महत्त्वाचं असलं की ती पाटीवर लिहिते. फुटकळ असलं की नुसती बोलते आणि मी मान हलवतो. संसार असा छान चाललाय.

फळीचं काही कळलं नाही. कपांची फळी तुझ्याकडे आहे की! अकरा वर्षांपूर्वी मीच बसवली, एकशेसत्तरवर, कारण शेजारणीच्या पोरांचे हात पोचता कामा नयेत असा तुझा हुकूम होता. मग एकशेदहावर कोणासाठी? बुटका भाडेकरू ठेवलास का? आणि खुंटी एकशेपंधरावर लावलीस तर तुझा तो लांब कोट जमीन पुसत राहील. फुकटात झाडलोट होईल, ते वेगळं. मापं पुन्हा घे.

हाताचे व्यायाम करतेस ना? आमच्या कारखान्यातल्या पॉलिशवाल्याच्या बहिणीचं हेच ऑपरेशन झालं. ती म्हणे रोज भिंतीवर बोटं चढवते, कोळ्यासारखी. बिजागरी हलवली नाही की धरते, एवढं मला कळतं.

लोभ असू दे. चुका काढताना तो आडवा येत नाही, हे माहीत आहे.

तुझा भुंगा


२४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
आशीर्वाद. वि. वि.

नऊ चुका. प्रगती झाली, किंवा तू आखूड लिहिलंस.

सुताराला बहिणीत बिजागरी दिसावी यात नवल नाही. तू खाटीक असतास तर काय दिसलं असतं, त्याचा विचार मी करत नाही. व्यायाम चालू आहेत. तसं लिहूनच दिलंय मी, विधान क्रमांक चार, पाचपैकी पाच.

मापं बरोबर आहेत. मी भूमितीही शिकवत होते, तू नापास झालास तीच. फळी खाली हवी, कारण मला ती खाली हवी. आणखी दोन कामं आहेत. कपाटाच्या दारातला आरसा काढून तिथे साधी फळी बसवायची आहे, चाळीस बाय एकशेवीस. आरशावर धूळ फार बसते. आणि पडदे ओढायला एक लांब काठी, जिचं खालचं टोक एकशेपाचवर येईल. केस मी कापून टाकलेत, कानाच्या वर. वेणीत वेळ फार जातो. केस कापणारी म्हणाली, किती धीराच्या हो तुम्ही. दुसऱ्याच्या धीराचं कौतुक करायला लोकांना काही पडत नाही.

वीस मार्चला माझं भाषण आहे. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय अशा पंधरा-वीस घाबरलेल्या बायका समोर बसवणार, आणि मी त्यांना सांगायचं की काही होत नाही. विषय, 'मी अशी वाकले'. मथळा अर्थातच मधाच्या बोटाचा. मी फक्त तीन पानं लिहून ठेवलीत.

परवाच्या वर्तुळात तिकीटवालीनं नवा तमाशा केला. बसमधली वरची दांडी धरता येईना म्हणून ती रोज भिंतीशी उभी राहते, बोटं चढवते, रडते, शिव्या देते, पुन्हा चढवते. उभं राहून तिनं हात वर करून दाखवला. दंड कानाला टेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. चौदा गुणांच्या बाईसाठी कसल्या टाळ्या?

फळी लवकर पाठव. माझ्यावरच्या लोभापेक्षा ती मला जास्त उपयोगी आहे.

तुझी ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळी पाठवत नाही. खुंटी पाठवत नाही. काठीही नाही.

तुझी उंची एकशेअठ्ठावन्न. ओटा मी तुझ्या कोपराच्या मापानं केला होता, म्हणून तुझं सगळं माप माझ्या वहीत आहे. काल जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या एका नव्या दारावर तुला खडूनं उभी काढली. डोकं, खांदा, कोपर. खांदा एकशेतीसवर येतो. मग तुझ्या ऑर्डरी त्या दारावर मांडल्या. कप एकशेदहा. खुंटी एकशेपंधरा. काठी एकशेपाच. आणि वेणी गेली, कारण वेणी घालायला हात डोक्यामागे न्यावे लागतात. ताई, त्या दारावर खांद्याच्या वर एकही खूण नाही. पॉलिशवाला जाता जाता म्हणाला, या बाईचा हात वर जात नाही वाटतं. त्यानं तुझं पत्र वाचलेलं नव्हतं. नुसता खडू बघितला.

शब्दांत तू मला सात वेळा विकून येशील. मापात नाही.

आणि आरसा! धूळ बसली की माणसं आरसा पुसतात, काढत नाहीत. तुझ्या त्या तिकीटवालीनं निदान टॉवेल टाकला. टॉवेल काढता येतो. तू तर खिळे ठोकायला निघालीस.

पन्नासपैकी पन्नास म्हणे. अगं शहाणे, तो पेपर नव्हता. ते डॉक्टरनं जीभ दाखव म्हणण्यासारखं होतं, आणि तू त्याला शेजारणीची जीभ दाखवून आलीस.

मला बोलायचा अधिकार आहे, कारण ही आपल्या घराण्याचीच खोड. पंधरा वर्षांपूर्वी कारखान्यात कानांची तपासणी झाली. आवाज आला की बोट वर करायचं. मला समोरच्या काचेत तपासणाऱ्या बाईचा बटण दाबणारा अंगठा दिसत होता. तिनं दाबलं की माझं बोट वर. पैकीच्या पैकी. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हा खरं सांगितलं असतं तर यंत्रापासून हलवलं असतं, कान राहिले असते. मी गुणवत्ता यादीत येऊन बहिरा झालो. हे तुझ्या भावजयीलाही माहीत नाही.

सोबत एक पट्टी पाठवतोय. मीटरभर लांब, दोन-दोन सेंटीमीटरवर खाचा. खालचं टोक जमिनीपासून शंभरवर येईल अशी भिंतीला ठोकून घे आणि बोटं खाच खाच चढव. खाचांवर अंक घातलेत, कारण अंकांशिवाय तू काही करणार नाहीस. खाचा पन्नास आहेत. पन्नासपैकी किती, ते कळव. खरं.

लोभ आहे म्हणून चिडलो. नसता तर फळी पाठवली असती.

तुझा भुंगा


१४ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी वाचलं नाही असं समज. चुका मात्र बावीस आहेत. पट्टी आली तशी दाराआड उभी केली, खाचा भिंतीकडे करून.

परवा रेडिएशनच्या मापाला गेले. तळघरातली खोली. छताला निळ्या आकाशाचा कागद डकवलाय, एका कोपऱ्यात तो सुटलाय. टेबलावर निजायचं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर, धातूच्या आधारात ठेवायचे. डावा गेला. उजवा खांद्याशी अडला. तिथली तंत्रज्ञ म्हणाली, मावशी, अजून वर. मी म्हटलं, एवढाच. तिनं माझी फाईल उघडली. आत मधाच्या बोटाच्या वळणदार अक्षरात, व्यायाम नियमित, मनःस्थिती उत्कृष्ट, पन्नासपैकी पन्नास. तिनं फाईलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कॉपी पकडल्यावर मी पोरांकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर मला पहिल्यांदाच समोरून दिसली. वाईट असते रे.

डॉक्टर आले. म्हणाले, हात बाजूला झाल्याशिवाय किरण नेमके पडणार नाहीत, आणि फार थांबूनही चालणार नाही. दोन एप्रिलला पुन्हा बघू. तोवर हात गेला नाही तर… पुढचं त्यांनी सांगितलं नाही. अर्धवट वाक्याला मी शाळेत गुण देत नसे. हे मात्र मला पुरतं कळलं.

व्यायाम का केले नाहीत, ते विचारशील. हात वर केला की अंगातला कपडा उजवीकडे ओढला जातो आणि सपाट होतो. मग नजर खाली जाते. बस, एवढंच. मला बघायचं नव्हतं. आणि प्रश्नावलीत तसं लिहिण्याइतकी मी मूर्ख नव्हते. म्हणजे होते.

घरी येऊन पट्टी सरळ केली, कोपऱ्यावरच्या माणसाकडून ठोकून घेतली. नववी खाच. पन्नासपैकी नऊ. इतके कमी गुण मी फक्त तुझ्या प्रगतिपुस्तकात पाहिलेत.

मग तिकीटवालीला बोलावलं. आली ती थेट माझ्या खुर्चीत बसली आणि चहा मागितला. पट्टी बघून विचारलं, किती? नऊ म्हटल्यावर जी हसत सुटली ती कप खाली ठेवावा लागला. म्हणाली, काय हो पन्नासवाल्या बाई! आणि मग विचारलं, शिव्या येतात का? मी म्हटलं, मनात येतात. ती म्हणाली, मनातल्या मनात दिल्या की खांदा आवळतो, मोठ्यानं द्यायच्या. हे अत्यंत अशास्त्रीय आहे. अकराव्या खाचेपर्यंत गेले. शेजारीण आता माझ्याशी बोलत नाही, हा वरचा फायदा.

तुझ्या कानांचं सगळं भावजयीला कळवलंय, वेगळ्या पत्रानं. ती तुला तपासणीला नेईल. डोळे बांधून.

लोभ आटला नाही. सध्या चिडलेला आहे.

तुझी ताई


२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू चुगलखोर होतीस, आहेस आणि राहशील.

भावजयीनं तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पाटी फडताळात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तपासणी. माझ्या डोळ्यांवर तिचा स्कार्फ, आणि ती मागे उभी, एखाद्या शिपायासारखी. डावा कान शंभरात अकरा, उजवा सव्वीस. यंत्र बसवलं. पहिल्यांदा जे स्पष्ट ऐकू आलं ते तिचं माझ्याविषयीचं मत. पंधरा वर्षांचं साठलेलं होतं. अजून चालू आहे. मधे मधे मी यंत्र काढून पुसतो.

भाषणाचं काय झालं? आणि खाच कितवी? उगाच फुगवून सांगू नकोस. पट्टीची दुसरी प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे आणि तुझी उंची वहीत आहे.

लोभ ठेवतेस की लाल पेन, ते तूच ठरव.

तुझा भुंगा


३ एप्रिल

चि. भुंग्यास,
आशीर्वाद. वि. वि.

भाषण झालं, पण माझं नाही. मी मधाच्या बोटाकडे गेले आणि प्रश्नावली पुन्हा मागितली. खरी सोडवली. तेरा. तिकीटवालीपेक्षा एक कमी. त्यानं आकडा पाहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला, आज तुमचा मूड बरा नसेल, दुसरा फॉर्म देऊ का? नको म्हटलं. मग त्यानं फाईलवर लिहिलं, 'प्रकृतीत पीछेहाट'. आणि भाषण काढून दुसऱ्या बाईंना दिलं. त्यांना अठ्ठेचाळीस होते. खोटं बोलले तेव्हा मी आदर्श होते. खरं बोलल्यावर आजारी पडले. एवढी अक्कल जमवायला या गृहस्थाला चार वर्षं लागली, म्हणजे हुशारच म्हणायचा.

मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्या बाई छान बोलल्या. माझ्याच तीन पानांसारखं. शेवटी मधाचं बोट म्हणालं, कोणाला प्रश्न असेल तर हात वर करावा. मी उजवा केला, जेवढा जातो तेवढा. तो तेव्हा हनुवटीपर्यंत जात होता. मी बाईंना विचारलं, तुमचा किती जातो? त्यांनी टेबलावरचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. नव्या बायकांपैकी एकीनं विचारलं, म्हणजे हात कामातून जातो का? मग मात्र मी उभी राहून अर्धा तास शिकवलं. फळ्याशिवाय. मधाच्या बोटानं दोनदा घड्याळ दाखवलं. मी ते वर्गातल्या माशीइतकंच मनावर घेतलं. अठ्ठेचाळीसवाल्या बाई नंतर जिन्यात भेटल्या, कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी पट्टी कुठे मिळते ते विचारलं. एक कर. किंवा सहा कर.

काल रेडिएशनचं माप होतं. आदल्या दिवशी पट्टीवर अडतिसावी खाच झाली होती. तीच खोली, तीच तंत्रज्ञ, कोपऱ्यात सुटलेलं तेच आकाश. डावा हात गेला. उजवा खांद्याशी थांबला, मग गेला, मग थांबला. मी एक शिवी दिली. तंत्रज्ञ दचकली. हात आधारात टेकला. आता अकरा मिनिटं हलायचं नाही, म्हणाली, आणि विचारलं, दुखतंय का?

दुखलं तर मी ते लपवत नाही. विधान क्रमांक सात. पहिल्या वेळी पाचपैकी पाच घेतले होते. मी म्हटलं, हो. फार दुखतंय. ती म्हणाली, बरं, मग हळू श्वास घ्या, आणि काचेमागे गेली. गुण वगैरे काही दिले नाहीत. सोमवारपासून रोज जायचं आहे.

आरशासाठी फळी करू नकोस. टॉवेल टाकलाय. सकाळी थोडा वेळ काढते, पुन्हा टाकते. यावर विनोद करायचा नाही. कपांची फळी आहे तिथेच राहू दे, सागवान आहे.

भावजयीला सांग, यंत्र पुसायचं कापड लपवून ठेव. लोभ ठेवून आहे, आता वरच्या फळीवर.

तुझी ताई

ता. क. तुझं पत्र या खेपेला तपासून परत पाठवत नाही. चुका दिसल्या, अकरा. पण हात दुखतो आहे.